चौदा सेंटिमीटरचा फरक

नांगरावर लिहायचं लिहायचं असं मी गेली दोन-तीन वर्षं म्हणतोय. आता निमित्त मिळालंय, आणि ते मोजून चौदा सेंटिमीटरचं आहे. आमच्या जुन्या नांगराच्या दोन पिनांमधलं अंतर ६८३ मिलिमीटर. घरी आलेल्या नव्या ट्रॅक्टरला हवंय ८२५. एवढ्यावरून घरात पंधरा दिवस चर्चा चालली, दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली (आता बोलतात, आत्याबाईंनी काळजी करू नये), आणि मला मात्र शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळायला मिळाला. ज्या मित्रमंडळींचा शेतीशी संबंध भाजी आणण्यापुरताच आहे त्यांनी पळून जाऊ नये, मी जमेल तेवढं सोपं करून सांगतो. आणि ज्या नातेवाइकांना घरची बाजू पाठ आहे त्यांनी राहून गेलेलं कळवावं.

आमचं गाव अंबड तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला. जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात चप्पल काढून हातात घ्यावी लागते. आज आपण जालना जिल्हा म्हणतो तो १ मे १९८१ ला झाला. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखातले. हे सांगायचं कारण पुढे येईल.

१९८४ साली आमच्या घरी पहिला ट्रॅक्टर आला. २५ हॉर्सपॉवरचा एचएमटी, तोही दुसऱ्याकडून घेतलेला. त्याच्याबरोबर नानांनी (माझे थोरले चुलते) जालन्यातल्या एका वर्कशॉपातून दोन फाळांचा नांगर करून आणला. ट्रॅक्टर केव्हाच विकला गेला, मध्ये भाड्याच्या ट्रॅक्टरवर वर्षं काढली, पण नांगर गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिला. आता दादाने, म्हणजे नानांच्या मुलाने, ५० हॉर्सपॉवरचा नवा ट्रॅक्टर घेतला. नानांचं म्हणणं, आपला नांगर जोडा. दादाचं म्हणणं, तो बसत नाही, भंगारात घाला.

जालन्यात राहून भंगार या शब्दाला वजन आहे. गावाबाहेर एमआयडीसीत गेलं की रोलिंग मिला. भट्टीत भंगार वितळतं आणि दुसऱ्या तोंडाने बांधकामाची सळई बाहेर पडते. जालन्याची सळई महाराष्ट्रभर जाते. म्हणजे आपल्या दारातला नांगर आठवड्याभरात पुण्यातल्या कुठल्यातरी इमारतीच्या स्लॅबमध्ये जाऊन बसू शकतो. दादा तेच म्हणाला, "तुझ्याच सोसायटीत यील बघ गच्चीवर." नाना काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले.

मला वाटलं, आधी हा नांगर ट्रॅक्टरला बसत का नाही ते तरी समजून घेऊ. आणि त्यासाठी बैलांपासून सुरुवात करावी लागली.

जुना लाकडी नांगर गावचा सुतार करायचा. बाभळीचं खोड, लांब हळस, वर रुमणं, आणि खाली लोहाराने केलेला फाळ. एवढंच काय ते लोखंड. मोबदला बलुत्याचा, म्हणजे खळ्यावर धान्य. पण त्यात एक गोष्ट अशी होती जी आज कारखान्याला जमत नाही: तो नांगर तुमच्या बैलांसाठी असायचा. बैल किती उंच, हाकणारा किती उंच, जमीन कुठली, हे सुताराला माहीत. हळस जुवाला पुढे बांधायची की मागे, यावर फाळ किती खोल जाईल ते ठरायचं, आणि ते रोज शेतात दोर सोडून-बांधून ठरवता यायचं.

जोडी विजोड असेल तरीही इलाज होता. एक बैल तगडा आणि एक थकलेला असेल, तर जुवावरचा दोर मधोमध न बांधता तगड्याच्या बाजूला थोडा सरकवायचा. थकलेल्या बैलाला जुवाचा लांब भाग मिळाला की त्याच्यावर ओढ कमी येते. शाळेत आपण तरफ शिकलो, तीच ही. आमच्या आजोबांनी शाळा पाहिली नव्हती, पण विजोड गोष्टी एकत्र कशा चालवाव्यात हे त्यांना येत होतं. बैलच कमी असतील तर दोन घरं मिळून वारंगुळा करायची, मोठं काम असेल तर सावड किंवा इर्जिक. काळ्या जमिनीत लाकडी नांगराला चार बैल, सहा बैल, कधी आठही लागत. एकट्या घराला ते परवडत नसे. म्हणून भारी जमीन दरवर्षी नांगरायची पद्धतच नव्हती. चार-सहा वर्षांतून एकदा, हरळी किंवा कुंदा फार माजला की नांगरट, एरवी वखराच्या पाळ्या. काळ्या मातीच्या भेगाही अर्ध्या नांगरटीचं काम करतात. उन्हाळ्यात वरची माती भेगांतून खाली पडते, पावसात खालची फुगून वर येते. जमीन स्वतःच स्वतःला चाळवत असते.

मग आला लोखंडी नांगर. इथे किर्लोस्करांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, बेळगावला सायकलचं दुकान होतं. तिथे त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आणि नांगर कोणी घेईना! लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर केले, अशीही हकीकत सांगितली जाते. मी ती दादाला ऐकवली. तो म्हणाला, "म्हंजे तोफंचा नांगर झालेला चालतो, नांगराची सळई झालेली चालत नाही?" प्रश्न चांगला होता. नानांनी त्याचं उत्तर दिलं नाही आणि मलाही लगेच सुचलं नाही. तो तसाच ठेवून पुढे जातो.

आमच्याकडे, म्हणजे निजामाच्या मुलखात, मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर जालन्याला पोचली होती. जालना कापसाची मोठी पेठ. रुई जायची आणि कारखान्याचा माल यायचा. लोखंडी नांगरही असाच हळूहळू आला. आमच्या घरी तो कधी आला हे कोणाला नक्की सांगता येत नाही, पण नानांच्या लहानपणी तो होता, आणि ओढायला सहाच्या जागी चार बैल पुरायचे.

या नांगराने एक मोठा बदल केला. आता नांगर तुमच्या बैलांसाठी केलेला नव्हता. तो दूर कुठेतरी एका साच्यातून निघायचा आणि खानदेशातल्या, वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या कुठल्याही जोडीमागे चालायचा. हे जमलं कशामुळे? साखळीमुळे. नांगराच्या पुढच्या टोकाला एक हूक, त्याला खालीवर भोकं, आणि तिथून जुवापर्यंत साखळी. साखळी वरच्या भोकात अडकवली की फाळ खोल जातो, खालच्या भोकात अडकवली की उथळ. बैल उंच असोत की बुटके, साखळी सांभाळून घेते. तिला माप नसतं. बाकीचं काम मुठीवरचा हात करतो. जमीन कडक लागली, बैल थांबल्यासारखे झाले, की हाकणारा मुठीला जरासा भार देऊन फाळ बोटभर वर आणतो. कडक पट्टा सरला की पुन्हा खाली. हे तो विचार करून करत नाही, हाताला कळतं. हा हात लक्षात ठेवा.

कारण ट्रॅक्टर आला तेव्हा पहिली गेलेली वस्तू म्हणजे हा हात. सुरुवातीला लोकांनी काय केलं? बैल काढले आणि त्यांच्या जागी ट्रॅक्टर लावला. मागे तीच साखळी, तोच हूक. बैल आणि ट्रॅक्टर यांत फरक हा, की नांगर मुळाला किंवा दगडाला अडला तर बैल थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही. मागची चाकं जागची हलत नाहीत, इंजिन जोर लावत राहतं, आणि मग चाकं फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचं धूडच आसाभोवती फिरायला लागतं. पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, चालवणाऱ्याच्या अंगावर. १९१७ पासून हेन्री फोर्डचा स्वस्त आणि हलका फोर्डसन ट्रॅक्टर निघाला, आणि तो या उलटण्यासाठी बदनाम झाला. त्यात माणसं मेली.

याच १९१७ मध्ये आयर्लंडात हॅरी फर्ग्युसन नावाच्या मेकॅनिकला सरकारी शेतीखात्याने काम दिलं होतं: गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि नांगर नीट चालतात का बघा. हा गडी अवलियाच. स्वतः विमान बनवून ३१ डिसेंबर १९०९ ला उडवून दाखवलेला. हिंडता हिंडता त्याच्या लक्षात आलं की चुकतंय ते जोडणीत. ट्रॅक्टर वेगळा आणि नांगर वेगळा धरून दोन्ही साखळीने बांधण्यापेक्षा दोन्ही मिळून एकच अवजार का करू नये?

त्याने पुढची वीस-एक वर्षं या एका प्रश्नावर घालवली. त्यातून जे निघालं ते आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसतं. खाली दोन हात, वर मध्यभागी एक काठी. आपल्याकडे सगळे टॉप लिंक म्हणतात. तीन ठिकाणी नांगर पकडलेला. खालचे हात नांगराला ओढतात. नांगर मातीत अडला की तो पुढे कलंडायला बघतो, आणि त्यामुळे वरची काठी ट्रॅक्टरला पुढच्या बाजूला रेटते. म्हणजे जो अडथळा साखळीच्या जोडणीत ट्रॅक्टरचं नाक उचलायचा, तोच आता नाक खाली दाबतो! शिवाय नांगराचा आणि मातीचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही घसरत नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. त्या वरच्या काठीच्या ट्रॅक्टरकडच्या टोकाला त्याने स्प्रिंग बसवली. जमीन कडक लागली की काठी जास्त दाबली जाते, स्प्रिंग दबते, ती हायड्रोलिकला इशारा देते आणि लिफ्टचे हात नांगर बोटभर वर घेतात. कडक पट्टा सरला की पुन्हा खाली. ओळखलंत? मुठीवरचा तो हात. आयर्लंडातल्या माणसाने तो लोखंडात आणि तेलात करून दाखवला. हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "स्प्रिंगला कळतं?" मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "कळत आसंल. दाब तर तिलाबी लागतोच की."

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसनने आपला ट्रॅक्टर अमेरिकेत हेन्री फोर्डला चालवून दाखवला. दोघांनी हात मिळवला आणि एवढ्यावरच करार झाला. कागद नाही, वकील नाही. १९३९ मध्ये त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला. पण हातावरचे करार हात असेपर्यंतच टिकतात. फोर्डच्या नातवाच्या हाती कारभार गेल्यावर तो मोडला, नवी कंपनी तीच जोडणी वापरून ट्रॅक्टर विकू लागली, आणि फर्ग्युसनने १९४८ मध्ये खटला भरला. १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. तोवर इंग्लंडमध्ये त्याचा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर निघाला होता. १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तयार झाले.

मधल्या काळात बाकीच्या कंपन्या काय करत होत्या? प्रत्येकीची जोडणी वेगळी. एका कंपनीचा ट्रॅक्टर घेतला की नांगर, पेरणीयंत्र, सगळं तिचंच घ्यायचं. लग्नासारखं :-) पुढे मूळ पेटंटांची मुदत संपली तशी सगळ्यांनी फर्ग्युसनची तीन बिंदूंची पद्धत उचलली आणि मापं ठरवली गेली. पण तोपर्यंत ट्रॅक्टर मोठे झाले होते. फर्ग्युसनच्या पिना मोठ्या ट्रॅक्टरच्या जोराला पुरेनात. म्हणून एकाच्या जागी श्रेणी झाल्या. छोट्या ट्रॅक्टरांसाठी कॅटेगरी एक: खालची पिन २२ मिलिमीटर, वरची १९, खालच्या पिनांमधलं अंतर ६८३. मोठ्यांसाठी कॅटेगरी दोन: खालची पिन २८, वरची २५, अंतर ८२५. आपल्या भारतीय मानकांतही हेच आहे.

तर मंडळी, आमच्या घरातल्या भांडणाचं मूळ हे असं. चौदा सेंटिमीटर.

भारतात ट्रॅक्टर कसे आले ते थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतात कांस गवताने लाखो एकर जमीन पडीक पाडली होती. ती मोडायला केंद्र सरकारने मोठाली यंत्रं आणली. १९४९ मध्ये वर्ल्ड बँकेने त्यासाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. इथे बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा निघाला. मग साठच्या दशकात मद्रासला टॅफे (मॅसी फर्ग्युसनबरोबर), मुंबईत कांदिवलीला महिंद्राची कंपनी (इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर), आणि १९७१ मध्ये पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरबरोबर सरकारी एचएमटी. म्हणजे एका देशात ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन, झेक अशा सगळ्या वंशांचे ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामागे जोडायला गावोगावच्या वर्कशॉपात केलेले नांगर. ते वर्कशॉपवाले कुठला ट्रॅक्टर आहे ते विचारून, त्याच्यावर टेप लावून नांगर करायचे. बघा, सुतार परत आला! फक्त हातात तासणीच्या जागी वेल्डिंगचा होल्डर, आणि बलुत्याच्या जागी रोख.

आमच्या घराला ट्रॅक्टरकडे ढकललं ते १९७२ च्या दुष्काळाने. दोन जोड्यांपैकी एक त्या वर्षात गेली. छावणीत नेलेला एक बैल परत आला नाही, दुसरा आला तो उभा राहायच्या लायकीचा नव्हता. पुढची बारा वर्षं नानांनी उरलेल्या जोडीवर आणि लोकांच्या सावडीवर काढली. सावडीत ज्याचे बैल कमी त्याची नांगरट शेवटी, हे कोणी बोलून दाखवत नाही पण असतंच. म्हणून ८४ चा तो नांगर नानांसाठी नुसतं अवजार नव्हता. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आमचं रान गावात सगळ्यांच्या आधी नांगरून झालं. हे मला नानांनी नाही सांगितलं, काकूंनी सांगितलं. दादालाही ते माहीत नव्हतं. तो तेव्हा दोन वर्षांचा होता.

आता प्रत्यक्ष काम. दादाचा पहिला विचार होता की ट्रॅक्टरचे हात आत ओढून नांगर कसाबसा अडकवावा, नाहीतर साखळी लावून ओढावा. साखळीला मी आणि नाना दोघांनी नाही म्हटलं. फोर्डसनची गोष्ट वर सांगितलीच आहे. आणि सीटवर बसणार होता दादाचा बावीस वर्षांचा मुलगा.

मग नांगर तालुक्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात नेला. मिस्त्रींनी तो फिरून बघितला, टेप लावली आणि हिशेब सुतात सांगितला. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) "ही पिन सात सुताची. तुमच्या ट्रॅक्टरला नऊ सुताची पायजे. वरली सहाची हाय, आठची पायजे." मी घरी येऊन हिशेब केला. सात सूत म्हणजे २२ मिलिमीटर, नऊ म्हणजे २८, सहा म्हणजे १९, आठ म्हणजे २५. फर्ग्युसनचे इंच अंबड तालुक्यात सुतांच्या रूपाने जिवंत आहेत! आंतरराष्ट्रीय मानक मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असो, त्याच्या पोटात इंचच आहेत.

पिनांचा प्रश्न सोपा होता. बारीक पिनेवर एक सूत जाडीचा बुश चढवला की झालं. पण मिस्त्री म्हणाले, खरा प्रश्न तीन ठिकाणी आहे.

पहिला म्हणजे रुंदी. बुश चढवून पिन मोठी होते, नांगर रुंद होत नाही. ट्रॅक्टरचे हात आत ओढून बसवले तर ते वाकडे उभे राहतात, लिफ्ट उचलताना ताण चुकीच्या जागी येतो. यावर इलाज म्हणजे ज्याच्या टोकांना पिना असतात तो आडवा दांडाच बदलायचा. जुना बोल्ट सोडून काढायचा आणि नवा, ८२५ चा आणि २८ च्या पिनांचा बसवायचा. जुन्या पिना कापून मोठ्या वेल्ड करायला ते तयार नव्हते. कठीण केलेल्या पोलादाला उगाच वेल्डिंग मारलं की जोडाच्या शेजारीच ते ठिसूळ होतं, आणि मग शेतात एक दिवस तुटतं.

दुसरा म्हणजे उंची. वरची काठी जिथे अडकते तो नांगराचा खांब कॅटेगरी एकमध्ये ४६० मिलिमीटर उंच, दोनमध्ये ६१०. बाजूने पाहिलं तर वरची काठी आणि खालचे हात यांच्या रेषा पुढे वाढवल्यावर ट्रॅक्टरच्या पोटाखाली कुठेतरी एकमेकींना मिळायला हव्यात. खांब बुटका असला की त्या समांतर होतात किंवा उलट मागे मिळतात, आणि नांगर मातीत शिरायला कुरकुर करतो. त्या स्प्रिंगलाही मग खरा दाब कळत नाही. म्हणून खांबाच्या दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या बोल्टने लावून भोक वर नेलं आणि मागच्या बाजूला एक तिरपा टेकू दिला.

तिसरा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नसता. नांगरताना ट्रॅक्टरचं उजवं चाक आधीच्या तासात चालतं. नवा ट्रॅक्टर रुंद, चाकं लांब लांब. नांगर बरोबर मधोमध बसवला तर पहिला फाळ आधीच्या तासापासून लांब पडतो आणि मध्ये न नांगरलेली पट्टी राहते. म्हणून नवा दांडा लावताना सगळा नांगर चार बोटं उजवीकडे सरकवून बसवला. मला लगेच जुवावरचा दोर आठवला. तोही असाच मधोमध नसायचा.

या सगळ्यात कापाकापी कुठेच नाही, हे नानांनी दोनदा बघून घेतलं. सगळं बोल्टवर. उद्या कोणाला छोट्या ट्रॅक्टरला जोडायचा असेल तर जुना दांडा गोठ्यात ठेवलाय.

निघताना मिस्त्रींनी एक गोष्ट बजावली. तो नांगर २५ हॉर्सपॉवरसाठी केलेला आहे. पूर्वी फाळ अडला की ट्रॅक्टर आधी हार मानायचा, इंजिन बंद पडायचं, नांगर वाचायचा. हा ट्रॅक्टर हार मानणार नाही, नांगराला मानावी लागेल. तेव्हा खोली आठ-नऊ इंचांवर ठेवा, हळू चालवा, आणि दगडाच्या रानात हा नेऊच नका. पिना जुळल्या म्हणून जोडी जुळली असं नसतं.

त्यावर उपाय ट्रॅक्टरमध्येच होता. सीटशेजारी लिफ्टच्या दोन दांड्या असतात. नांगर वर-खाली करायची दांडी सगळे वापरतात. दुसरी, त्या स्प्रिंगचं ऐकणारी, बहुतेक ड्रायव्हर हातच लावत नाहीत. पुतण्याने ती कशी लावायची ते शिकून घेतलं. मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, नदीकडच्या पाच एकरांत नांगरट झाली. मी नव्हतो, फोटो आलेत. तास सरळ आहेत. चिंचेखालच्या कडक पट्ट्यात नांगर आपोआप वर येऊन पुन्हा खाली गेला असं पुतण्या सांगत होता. नाना बांधावर उभे होते म्हणे, आणि त्या वेळी त्यांचा उजवा हात मुठीवर असल्यासारखा हलला. पुतण्याला त्याचं हसू आलं.

खर्चाचं विचाराल तर भंगाराचे आले असते त्याहून थोडे जास्तच गेले. दादाने ते दिले आणि पावती नानांना दाखवली नाही.

आता दादाच्या त्या प्रश्नाबद्दल. तोफेचा नांगर चालतो, मग नांगराची सळई का नाही? मला वाटतं, चालतेच. लोखंड फिरतंच असतं, जालन्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हा नांगरही कधीतरी भट्टीत जाईल. पण ज्या तोफा वितळल्या त्यांचं काम संपलेलं होतं. याचं संपलेलं नाही, फक्त माप जुळत नव्हतं. काम संपणं आणि माप न जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण हल्ली दुसरीला पहिली समजून फार गोष्टी दाराबाहेर काढतो. वस्तूंबद्दलच बोलतोय असं नाही.

असो. दादाने आता रोटाव्हेटर घ्यायचा विषय काढलाय. तो कॅटेगरी दोनचाच आहे, मी विचारून घेतलं.